विनंती नसलेला अर्ज

वर्ध्याच्या कचेरीच्या आवारात मी विशीपासून अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण दहावीपर्यंत, इंग्रजी आणि गणित हे दोन विषय राहिले, ते कायमचे राहिले. परंतु भाषेच्या कारणावरून माझा अर्ज कोणत्याही साहेबाने परत केल्याचे उदाहरण नाही, हे येथे नमूद करून ठेवतो. अशा माणसाने हिब्रू आणि ग्रीक या दोन प्राचीन भाषांतल्या एका ओळीपाशी जवळजवळ एक हिवाळा आणि एक उन्हाळा बसून काढला, असे दुसऱ्या कोणी सांगितले असते तर मीही ते मानले नसते. पण तसे घडले. त्या ओळीच्या पायी एका बाईचे पुढचे सगळे आयुष्य काही दिवस माझ्या लेखणीच्या टोकाला अडकून राहिले होते. त्याची हकीकत लिहितो.

त्या बाई सावंगी (मेघे) येथे परिचारिका होत्या. वडिलांच्या अंधत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज हवा म्हणून त्या माझ्याकडे आल्या. आता बहुतेक अर्ज संगणकावर होतात. माझ्या दोन्ही बाजूंस टायपिंगची आणि झेरॉक्सची दुकाने बसली आहेत. मधल्या लिंबाखाली टेबल मांडून मी अजून हाताने लिहितो. ही जागा सोडून दुसरीकडे कोठे जावे, हे मला कधी सुचले नाही, आणि सुचले असते तरी तिथे जाऊन काय करावे, हे कळले नसते. बाईंनी लिहून झालेला अर्ज हातात घेतला, पण तो वाचला नाही. नुसता पाहत राहिल्या.

"अक्षर चांगलं हाय तुमचं, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबाले एक लिहिणारा माणूस पाहिजे. सांजच्याले येत जाल का?"

"कसला अर्ज आहे?"

"अर्ज नाई, पुस्तक हाय. पण आधीच सांगून ठेवते, ते दुसऱ्याले बोलू देत नाईत."

त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या एका शाळेत आयुष्यभर बायबलच्या मूळ भाषा शिकवत होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पत्नी वारली. तेव्हापासून ते मुलीजवळ राहत. घर विद्यार्थ्यांच्या एका खाणावळीच्या वरच्या मजल्यावर होते. जिना अरुंद, त्याला कठडा एकाच बाजूने, आणि खाली उतरले की दारातूनच पोरांच्या मोटारसायकली सुरू होत. दृष्टी गेल्यापासून ते त्या जिन्याने खाली उतरले नव्हते. सगळे त्यांना सर म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी मी खोलीत पाऊल ठेवले, तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. खिडकी बंद होती.

"कोण?"

"अर्जनवीस आहे, सर."

"म्हणजे मुन्शी. बसा. मुन्शीजी, पाप लिहिलंय का कधी?"

"रोज लिहितो, सर. शेजाऱ्याच्या नावावर."

ते मोठ्याने हसले आणि माझी नेमणूक झाली. मोबदलाही ठरला, त्याचा तपशील येथे अनावश्यक आहे.

पुस्तक एका ओळीवर होते. स्तोत्रांच्या पुस्तकात विलापाची पुष्कळ गाणी आहेत. त्यांतले एक इतके काळोखे आहे की, सर म्हणत, उपदेशक मंडळी ते रविवारी सहसा वाचतच नाहीत. त्यातला गाणारा मनुष्य देवाला सांगतो, की तू माझे ओळखीचे लोक माझ्यापासून दूर नेलेस, त्यांना माझी किळस वाटेल असे केलेस. आणि पुढे: मी कोंडला गेलो आहे, मला बाहेर पडता येत नाही. हिब्रूत हा शेवटचा तुकडा तीन लहान शब्दांचा आहे. कालू वलो एत्से. त्या तीन शब्दांवर सरांना एक संपूर्ण ग्रंथ लिहायचा होता.

पहिली अडचण क्रमांकाची निघाली. मराठी पुस्तकात ती ओळ अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात आठवी. हिब्रूत तीच नववी, कारण तिथे गाण्याचा मथळाही ओळ म्हणून मोजतात. ग्रीकमध्ये स्तोत्रच सत्त्याऐंशीवे. सर हे मला समजावू लागले तेव्हा मी म्हणालो, "सर, हे मला ठाऊक आहे. शेत तेच असतं. जुना सर्व्हे नंबर वेगळा, एकत्रीकरणानंतरचा गट नंबर वेगळा. दोन्ही लिहिले की वाद राहत नाही."

"लिहा दोन्ही," सर म्हणाले. "आणि तिसराही लिहा."

मला अक्षरे येत नव्हती, म्हणून मी आधी ती चित्रासारखी उतरवू लागलो. सरांच्या जुन्या, मोठ्या ठशाच्या पुस्तकात बोट ठेवायचे आणि दिसेल ते सांगायचे. डावीकडे उघडी असलेली चौकट म्हणजे काफ. ओळीच्या वर मान काढणारे ते लामेद. फुलीसारखे ते आलेफ. उजवीकडून डावीकडे लिहायचे असल्यामुळे माझा तळहात सगळ्या शाईवरून फिरे आणि पान बरबटे. पण आठवड्याभरात मी कालू हा शब्द न अडखळता लिहू लागलो. माझ्या माहितीप्रमाणे त्या आवारात बसणाऱ्या कोणाही अर्जनवीसाला ते येत नाही.

त्या शब्दाचा अर्थ सरांनी मला फार बारकाईने सांगितला. तुरुंगाच्या घरालाही त्याच धातूचा शब्द आहे. हा कोंडलेला मनुष्य एखाद्या संकटात सापडलेला नाही. त्याच्यावर दार लावले गेले आहे. ग्रीकमध्ये मात्र ओळ बदलते. तिथे शब्द आहे परेदोथेन: मला सोपवून दिले गेले, आणि मी बाहेर पडत नव्हतो.

"कोणी सोपवलं, सर?"

"ते ग्रीक सांगत नाही. दार दिसेनासं होतं आणि माणसाच्या हवाली केल्याची भाषा येते. भाषांतर करणाऱ्यापुढे वेगळी पोथी असेल. किंवा त्याला त्या माणसाला कुलपात ठेवून पुढं जाववलं नसेल. मला माहीत नाही. लिहा, माहीत नाही."

पुढच्या ओळीत तो मनुष्य म्हणतो की दुःखाने माझा डोळा झिजला. ग्रीकमध्ये दारिद्र्याने झिजला. हे वाचल्यावर सर थांबले आणि म्हणाले, "माझे दोन्ही कारणांनी नाही. माझे काचबिंदूने." आतल्या खोलीत भांड्याचा आवाज झाला. मुलगी आत होती; तिने हे पूर्वीही ऐकले असावे.

आमच्या कामाची एक शिस्त होती, आणि ती पुढच्या हकीकतीला आवश्यक आहे. अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला वाचून दाखवायचा, त्याने बरोबर म्हटले की मग सही किंवा अंगठा. ही माझ्या धंद्याची रीत. मी ती सरांकडेही चालवली. संध्याकाळी उठण्यापूर्वी त्या दिवसाचा सगळा मजकूर मी वाचून दाखवीत असे. एरवी सर कोणाचे वाक्य पुरे होऊ देत नसत. दूधवाल्याचे नाही, माझे नाही, मुलीचे तर नाहीच. पण वाचन सुरू झाले की ते हात मांडीवर ठेवून गप्प बसत, आणि शेवटचा शब्द संपेपर्यंत खोकतही नसत. "पाठ चालू असताना बोलायचं नाही," एवढेच एकदा म्हणाले. मग "कायम" म्हणायचे, किंवा "खोडा".

दुसरे एक तत्त्व त्यांनी मला शिकवले. जुन्या पोथ्या हाताने नकलल्या गेल्या. नकलणाऱ्याचा हात मऊ असतो, असे ते म्हणत. अवघड दिसेल ते तो सोपे करतो, कडू असेल त्यात साखर टाकतो, शेवट उघडा वाटला तर झाकतो. म्हणून दोन पोथ्यांत फरक पडला की आधी संशय नकलणाऱ्यावर घ्यायचा आणि त्याची भर काढून टाकायची. "हे गाणं बघा," ते म्हणाले. "सुरुवातीला ऐक म्हणतो, आणि शेवटी काहीच मागत नाही. अंधारात संपतं. किती नकलणाऱ्यांना तिथं एक आशेची ओळ टाकावीशी वाटली असेल! टाकली नाही कोणी. म्हणून मला ते गाणं आवडतं."

मला ते रुचले नाही. विनंतीशिवाय अर्ज दाखलच होत नाही. मी म्हणालो, "सर, यात दुसराही दोष आहे. अर्जदार कोण ते कळतं. गैरअर्जदार कोण? ज्यानं कोंडलं तो. आणि अर्ज कोणापुढं? तोही तोच. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर अर्ज. अशा अर्जाचं काय होतं, ते मी रोज पाहतो."

सर म्हणाले, "हे फार पूर्वीपासून सांगितलं गेलंय, मुन्शी. फुगू नका. पण लिहा."

मी मान वर केली तेव्हा त्यांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती सरांकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

त्यानंतर काही दिवसांनी मी निघालो, तेव्हा ती जिन्यात माझ्या मागून आली. खालून खाणावळीतल्या फोडणीचा ठसका येत होता.

"भाऊ, एक अर्ज लिहायचा हाय."

"दवाखान्यात द्यायचा?"

"बाबाले."

मला वाटले थट्टा आहे. ती नव्हती. कोल्हापूरकडच्या एका परिचारिका विद्यालयात शिकवण्याच्या जागेवर तिची निवड झाली होती. होकार कळवायला थोडे दिवस उरले होते. वयाची अट अशी, की ही संधी गेली की पुन्हा येणार नाही. आई वारल्यापासून तिने ड्यूटी आणि ते घर यांपलीकडे काही पाहिले नव्हते. नागपूरला भाऊ आहे, तो वडिलांना न्यायला तयार आहे, पण सर जाणार नाहीत. तिथे पुस्तके माळ्यावर टाकतील म्हणतात.

"मग सरांना सांगा ना, ताई."

"सांगून राह्यली ना! दोनदा सांगाले बसली. पयल्यांदा म्हणे, डाळ लागली का. दुसऱ्यांदा म्हणे, गोळी कोणती दिली. माझं वाक्य पुरं होतच नाई. तुमी वाचता तवा ते चूप राह्यतात."

"आणि न सांगताच गेलात तर?"

"तर तिकडं जाऊन बी मी इथंच राहीन," ती म्हणाली. "त्यायनं एकदा पुरं आयकाव. मंग काय म्हणायचं ते म्हणू द्या."

मला नाही म्हणता आले असते. तेव्हा म्हटले नाही, आणि जिना उतरून खाली आल्यावर आपण दोन माणसांच्या मधल्या भिंतीत चिणले गेलो आहोत, असे मला वाटले. पण असा अर्ज आजवर कोणी लिहिला नसेल, हेही मनात आले. मी तो दुसऱ्या दिवशी कचेरीत लिहायला घेतला. ती ड्यूटीवर जाण्यापूर्वी येऊन समोर बसली.

मी सुरुवात केली, "अर्जदार सविनय सादर करते की."

"सविनय काढा. इतके वर्षं हागणं-मुतणं काढलं त्यायचं आजारपणात. आता इनय कायचा?"

"ताई, ती भाषेची रीत आहे."

"तुमची हाय. माझी नाई."

मी काढले. अर्ज असा झाला: अर्जदारास बाहेरगावी शिकवण्याच्या जागेवर नेमणूक मिळाली आहे. या वयानंतर अशी नेमणूक मिळणार नाही. अर्जदार आई वारल्यापासून वडिलांजवळ आहे व तिने त्यांची सेवा मनापासून केली आहे. ही गोष्ट सांगण्याचा तिने प्रयत्न केला, परंतु वाक्य पूर्ण होऊ शकले नाही. अर्जदारास जायचे आहे.

"बस," ती म्हणाली. "इथंच थांबा."

मी तिला तो वाचून दाखवला. तिने मान हलवली आणि बस पकडायला गेली. संध्याकाळी मी त्याची स्वच्छ प्रत केली. प्रत करताना शेवटी रिकामी जागा दिसली. इतक्या वर्षांच्या सवयीने हात थांबला नाही, आणि मी तिथे ती ओळ लिहिली, जी मी आजवर प्रत्येक अर्जाखाली लिहिली आहे: सबब, आपणांस योग्य वाटेल तो हुकूम व्हावा, ही विनंती. जिन्यात घाईने तिने सही केली. ती ओळ तिने पाहिली नाही. मीही ती तिला वाचून दाखवली नाही, कारण ती ओळ कोणी कोणाला वाचून दाखवतच नाही. अर्जाला ती असतेच, कागदाला मागची बाजू असते तशी.

त्या दिवसाचे वाचन सुरू झाले. कोंडलेल्या माणसाबद्दलची दोन पाने मी वाचली, आणि थांबलो नाही. त्याच सुरात अर्ज वाचू लागलो. सरांचे हात मांडीवर होते. "वाक्य पूर्ण होऊ शकले नाही" येथे त्यांच्या करंगळीची हालचाल झाली. पण ते बोलले नाहीत. शेवटची ओळ संपली. खाली पोरे ताटे आपटत होती आणि कोणीतरी भाताला ओरडत होते.

"अर्जदार हजर आहे?" सरांनी विचारले.

"हजर हाय," ती दारातून म्हणाली.

"मुन्शी, शेवटची ओळ पुन्हा वाचा."

मी वाचली.

"योग्य वाटेल तो हुकूम," ते म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. अंधारात चाचपडणाऱ्याच्या हाताला कठडा लागावा, तसा होता. "मला योग्य वाटतं ते असं, की अर्जदाराने इथंच राहावं. तिनंच माझ्यावर सोपवलंय. लिहा. हुकूम झाला."

मी लिहिले नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आत गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

मी उतरू लागलो, तेव्हा ती वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"ते तुमी काऊन लिहिलं? मी कवा म्हटलं तसं?"

"तशी पद्धत आहे, ताई. सगळ्या अर्जांत..."

"पद्धत!" ती म्हणाली. "मी पयल्यांदा तोंड उघडलं, अन् तुमी माझ्याच तोंडानं दार लावून घेतलं. परवा उत्तर द्याचं हाय मले."

माझ्या अक्षराचे तिने केलेले कौतुक मला आठवले आणि नको वाटले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी नेहमीप्रमाणे टेबल मांडले. तळेगावकडचा एक गृहस्थ भाजीच्या ओट्यावरच्या अतिक्रमणाची तक्रार घेऊन आला होता. माझे गाव तेच, म्हणून त्याने घरच्या चौकशा केल्या. मी त्याचा अर्ज लिहिला आणि शेवटच्या ओळीपाशी आलो. तिथे माझा हात अडला. "योग्य वाटेल तो हुकूम" म्हणजे काय, हे मी इतक्या वर्षांत कधी वाचले नव्हते. फक्त लिहिले होते. किती माणसांनी माझ्यापुढे बसून आपल्याला काय हवे ते स्पष्ट सांगितले असेल, आणि मी शेवटच्या ओळीत ते त्यांच्या हातून काढून घेऊन साहेबाच्या हाती दिले असेल? तो गृहस्थ म्हणाला, "काय झालं, काऊन थांबले?" मी ओळ लिहिली. त्याला ती हवी होती. तिच्याशिवाय अर्ज आवक-नोंदीत घेत नाहीत.

संध्याकाळी मी सावंगीला गेलो. सर तयार बसले होते. काल काही घडलेच नाही अशा आवाजात म्हणाले, "परेदोथेनपासून पुढं."

"आधी एक दुरुस्ती आहे, सर."

"कालच्या मजकुरात?"

"कालच्या अर्जात. त्याची शेवटची ओळ मूळची नाही. ती नकलणाऱ्याची भर आहे."

सर खुर्चीत ताठ झाले. "पुरावा?"

"मूळ प्रतीत अर्ज ‘जायचे आहे’ इथं संपतो. शेवट उघडा दिसला, म्हणून नकलणाऱ्यानं झाकला."

"हे सांगतं कोण?"

"नकलणारा स्वतः हजर आहे, सर."

मला वाटले ते मला घरातून घालवून देतील, आणि एका अर्थी मी त्याची वाटही पाहत होतो. निदान बाहेर तरी पडलो असतो.

"इतकी वर्षं पोथ्या चाळल्या," शेवटी ते म्हणाले. "एकही नकलणारा पुढं येऊन मी केलं असं म्हणाला नाही." मग रागाने म्हणाले, "माझीच काठी घेऊन मला मारता काय, मुन्शी?"

"काठी तुम्हीच दिली, सर."

"खोडा."

मी ती ओळ खोडली आणि समासात माझी सही केली.

"आता वाचा. पहिल्यापासून."

मी वाचले. अर्जदारास जायचे आहे, येथे थांबलो. सर वाट पाहत होते.

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"काहीच मागत नाही ती?"

"नाही, सर."

त्यांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. "मग मी हुकूम देऊ कशावर?" हे ते मला विचारत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड केले.

"बेटा."

ती बाहेर आली. हात ओले होते.

"त्या लोकांना उत्तर कधी द्यायचंय?"

"उद्या, बाबा."

"आज दे. उद्या माझं मन बदलेल."

ती हलली नाही. मग सर ओरडले, "दे ना! फोन कुठं आहे तुझा? की त्यालाही अर्ज पाहिजे?"

तिने खिडकीपाशी जाऊन फोन केला. सरांनी बोलण्यात तोंड घातले नाही, पण त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर सारखा काहीतरी शोधत होता.

पुढची व्यवस्था अशी लागली. जेवण खालच्या खाणावळीतून वर यायचे. रविवारी नागपूरचा भाऊ येणार. संध्याकाळ माझ्याकडे आली. ती मला कोणी विचारून दिली नाही. भाऊ फोनवर काळजी करत होता, तेव्हा सर एवढेच म्हणाले, "मुन्शी आहेत," आणि विषय संपला. पुस्तक कधी पुरे होईल, हे मी विचारले. ते म्हणाले, अजून पहिल्याच शब्दावर आहोत. मी नाही म्हणण्याची एक-दोनदा तयारी केली. वाक्ये मनात जुळवून गेलो. ती तशीच परत आणली.

ती निघाली त्या सकाळी मला तिने बोलावून घेतले होते. रिक्षा खाली उभी होती, रिक्षावाल्याने बॅग नेली होती. तिने सरांच्या पायांना हात लावला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात प्रार्थना केली आणि हात काढून घेतला.

ती दाराबाहेर गेली आणि परत आली. "भाऊ, निळी गोळी जेवणानंतर देजा. आधी देली तर पोटात आग पडते."

"देईन."

ती चार पायऱ्या उतरली आणि पुन्हा वर आली. "गॅसचा कॉक रोज पाहत जा. ते चहा ठेवाले जातात चोरून."

"मी कधी ठेवला?" सर म्हणाले.

"परवाच ठेवलता!"

ती गेली. पायऱ्यांवर पावले वाजली आणि मधेच थांबली. खाली रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. पावले पुन्हा वर आली. ती दारात उभी राहिली, आणि या वेळी तिला सांगायला काही उरले नव्हते. ओढणी दोन्ही हातांनी धरून ती खोली पाहत होती. माझ्या लक्षात आले की ती आता जाणार नाही. गाडी चुकेल आणि ती ओट्याशी जाऊन डाळ लावेल.

"अजून इथंच आहे का ती?" सरांनी विचारले.

ते उठले. एक हात भिंतीला लावून, पुस्तकांच्या कपाटाला चाचपत ते दारापर्यंत आले. त्या खोलीत इतके लांब चालताना मी त्यांना पाहिले नव्हते. त्यांचा हात आधी तिच्या खांद्याला लागला. तो त्यांनी तिथे ठेवला, आणि तिला हळूच उंबऱ्याच्या पलीकडे सरकवले. मग दार लोटले. कडी त्यांना लगेच सापडली नाही. मी मदतीला पुढे झालो, तर म्हणाले, "थांबा." त्यांनी ती स्वतः चाचपून लावली.

पलीकडे काही वेळ काहीच ऐकू आले नाही. मग पावले उतरू लागली, आणि या वेळी थांबली नाहीत.

"गेली?"

"जिना उतरल्या, सर."

"रिक्षा?"

रिक्षा सुरू झाली. रस्त्यावरच्या मोटारसायकलींमध्ये तिचा आवाज मिसळेपर्यंत ते कान देऊन उभे होते. त्यानंतरही त्यांनी कडीवरचा हात काढला नाही. मला कचेरीत वेळेवर पोचायचे होते. टेबल मांडायचे होते. पण दार अडवून तेच उभे होते, आणि त्यांना बाजूला व्हा म्हणणे मला जमले नाही. मी परत जाऊन माझ्या जागेवर बसलो.

"मुन्शी," ते दाराकडेच तोंड करून म्हणाले, "चहा येतो का करता?"

"येतो, सर."

"कॉक बघून घ्या," ते म्हणाले.